सगुणाच्या कपाळावरचा रंग

जोहे, ता. ३ जुलै १९९७, गुरुवार

आजपासून माझ्याजवळ दोन वह्या आहेत. एक निळ्या पुठ्ठ्याची. ती रोह्याच्या यंत्राच्या डॉक्टरीणबाईंनी आमची कन्या अनिता हिच्याबरोबर पाठविली आहे. रुग्णाने दिवसभरात काय खाल्ले, कोणाकडे पाहिले, कोणत्या आवाजाला मान वळविली, हे तीत रोज लिहावयाचे आहे. दुसरी वही ही. हीत काय लिहावे हे मला कोणी सांगितलेले नाही.

मी जनार्दन कान्हू मोकल. वय सत्तर. लोकल बोर्डाच्या शाळेतून चौथी पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण. अक्षर आजही तसेच आहे. आमचा कारखाना गणेशमूर्तींचा. साचा, घडण, अंगाचा रंग ही कामे दहा माणसे करतात. आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे, मी एकटा लिहितो. पंचावन्न वर्षे लिहीत आहे. पेण तालुक्यात ‘मोकलांचे डोळे’ असे म्हणतात. ही बढाई नव्हे, लोक म्हणतात ते लिहिले.

सौ. सगुणा हिला पौषात अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग गेले. वाचा गेली. पेणच्या डॉक्टरांनी सांगितले की समजही गेली असावी. ‘असावी’ हा शब्द त्यांचा होता. सांगताना मी तो हळूहळू गाळू लागलो.

अनिता म्हणते, मुंबईच्या एका संस्थेच्या डॉ. इनामदार रोह्यास आल्या आहेत. त्यांच्या यंत्रात कपाळावर एक प्रकारचा उजेड सोडतात आणि मेंदूतले रक्त कोठे धावते ते पडद्यावर दिसते. बोललेले ज्यांच्या मेंदूपर्यंत पोहोचते असे बारा रुग्ण निवडून त्यांना वर्षभर वाचा शिकविणार. शिकविणाऱ्या बाई रोह्यातच राहणार आहेत. बाकीच्यांसाठी सोय नाही. ता. १२ ला सौ.ला न्यावयाचे ठरले.

ता. ६ जुलै, रविवार

पेणचा जुना व्यापारी येऊन मूर्ती पाहून गेला. जाताना विचारले, “वहिनींना काही कळतं का आता?” सौ. तेथेच खिडकीशी पाटावर बसली होती. दिवसा घरी कोणी नसते, म्हणून तिला कारखान्यातच बसवितो. मी म्हणालो, “बसविली तेथे बसते. डोळे न लिहिलेली मूर्ती.” तो हसला. उपमा मलाही बरी साधली असे वाटले.

सौ.ने डाव्या हाताने पदर तोंडावर ओढून घेतला. माश्या फार झाल्या आहेत.

कारखान्यात उजेड कमी पडतो. नवीन दिवा आणविला, तोही मंद निघाला.

ता. ९ जुलै, बुधवार

आज कारखान्यात किरकोळ अपघात झाला. सौ. पडली. कपाळाला डाव्या बाजूस लागले. रक्त नाही.

निळ्या वहीत लिहिले: प्रकृती ठीक. भूक कमी.

ता. १० जुलै, गुरुवार

कालचे अपुरे लिहिले. अपुरे लिहिणे मला आवडत नाही.

दीड फुटी मूर्तीचे डोळे पुरे करून मी कुंचला धूत होतो. सौ.ने हात लांब करून ओल्या डोळ्यावर बोट फिरविले. उजवा डोळा सबंध पुसला गेला. मी ओरडलो. तिने ते बोट स्वतःच्या डोळ्याला लावले, पुन्हा मूर्तीच्या डोळ्याला लावले, आणि माझ्याकडे पाहिले. लहान मूल करते तसे. समज नसली म्हणजे माणूस असे करते. चार माणसे काम थांबवून पाहत होती. मी तिचा हात बाजूला केला. जरा जोराने केला असेल. ती पाटावरून कलंडली आणि मूर्ती फिरविण्याच्या घडवंचीची कड तिला लागली.

सर्वांच्या आधी ठमाबाई धावली. ठमाबाई आमच्याकडे तीस वर्षे अंगाचा रंग देते. सौ.ला उठवून बसविताना म्हणाली, “काय गो बाय माजे, लागला का?” माझ्याकडे तिने पाहिले नाही.

काल संध्याकाळपासून सौ. माझ्या हातचा घास घेत नाही. ओठ मिटून घेते. ठमाबाईने भरविले तर खाते. ठमाबाईच्या हाताला खोबरेलाचा वास असतो, तो तिला आवडत असावा.

ता. ११ जुलै, शुक्रवार

कपाळावर आंब्याच्या कोयीएवढा निळा डाग पडला आहे. उद्या रोह्यास जावयाचे. मुंबईच्या शिकलेल्या बाई विचारणार, हे कशाने झाले? अनिताही विचारणार.

दुपारी सर्व जेवावयास गेले असता रंग तयार केला. पांढरा, पिवडी, गेरू, आणि सौ.च्या वर्णाला जुळावा म्हणून काजळी. काजळी बरीच लागली. डिंक थोडा जास्त घातला, घामाने सुटू नये. तीन हात दिले. कडा ओल्या बोटाने मिसळून घेतल्या. वर नेहमीचे कुंकू लावले. दारात उजेडात नेऊन पाहिले. डाग कोठे होता ते मलाच सांगता येईना.

काम करीत असता सौ. माझ्याकडे एकटक पाहत होती. मी म्हणालो, “हलू नकोस.” ती हलली नाही.

ता. १२ जुलै, शनिवार

रोह्यास जाऊन आलो. ट्रॅक्स गाडी भाड्याने केली होती.

डॉ. इनामदार वयाने अनिताहून लहान आहेत. कुंकू नाही, हातात बांगडी नाही, पण बोलणे आदबीचे. मला ‘मोकलकाका’ म्हणाल्या. यंत्र दिसावयास साधे. एक पेटी, एक संगणक, आणि काळ्या कापडाची पट्टी. पट्टीत बारीक दिवे आणि उजेड परत टिपणारे डोळे बसविले आहेत.

मी रंगातला माणूस असल्याने हा उजेड कोणत्या रंगाचा असे विचारले. बाईंना प्रश्न आवडला. म्हणाल्या, “तांबड्याच्या पलीकडचा. आपल्या डोळ्यांना दिसत नाही. अंधारात तळहाताखाली विजेरी लावली की हात लाल दिसतो ना? तसाच हा कातडीतून, हाडातून आत जातो आणि थोडा परत येतो. ताज्या रक्तातून वेगळा येतो, वापरलेल्या रक्तातून वेगळा. मेंदूचा जो भाग काम करतो तिथे ताजं रक्त धावतं. आम्ही तेवढंच बघतो.” ताज्या आणि शिळ्या रक्ताच्या रंगात फरक असतो हे मला पटले.

त्यांचा मदतनीस तरुण स्पिरिटचा बोळा घेऊन सौ.चे कपाळ पुसावयास आला. मी त्याचा हात धरला. म्हणालो, “मी जिवंत असता माझ्या पत्नीच्या कपाळाला दुसऱ्याने बोळा लावावयाचा नाही.” तो ओशाळला. बाई म्हणाल्या, “बरोबर आहे काकांचं. तुम्हीच पुसा.” मी पाठमोरा होऊन कुंकवाची कड तेवढी पुसली. रंगाला बोळा लागू दिला नाही. कुंकवाचा आधार घेऊन मी हे केले, हे येथे लिहून ठेवतो.

खोलीत पडदे ओढले. टेपवर एक बाई वाक्ये म्हणत होती. खिडकी उघडी आहे. गाय दूध देते. अर्ध्या तासाने डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “उजव्या बाजूची रेषा दिसते. पण बोलणं समजण्याचं काम बहुतेक डाव्या बाजूला होतं आणि डावीकडून उजेडच परत येत नाही. आत जुनं रक्त साकळलं असेल तर असं होतं.”

अनिताने विचारले, “म्हंजे आयेला काय समजत नाय?”

“तसं मी म्हणणार नाही. मला दिसत नाही, एवढंच म्हणेन. पण दिसल्याशिवाय यादीत नाव घालता येत नाही मला.”

अनिता दाराबाहेर जाऊन रडली. मला सुटल्यासारखे वाटले. समज नाही, म्हणजे ता. ९ ला जे झाले तेही तिच्यापर्यंत पोहोचले नाही. परतीच्या वाटेवर नागोठण्याला मी चहा घेतला आणि तो मला गोड लागला.

ता. १९ जुलै, शनिवार

रोह्याहून चिठ्ठी आली. बारा नावे ठरली. सौ.चे नाव नाही. यंत्र ता. ११ ऑगस्टला मुंबईस परत जाईल. निळी वही त्यापूर्वी पोहोचवावी.

चिठ्ठी मी मोठ्याने वाचून दाखविली. कारखान्यात सर्वांना कळावे म्हणून. सौ. भिंतीकडे तोंड करून बसली ती संध्याकाळपर्यंत. उकाडा आहे.

ता. २७ जुलै, रविवार

आज ठमाबाईला मी बोललो आणि मग ती मला बोलली.

जेवणानंतर मी रोज पाऊण तास पडतो. आज झोप आली नाही म्हणून लवकर उठून कारखान्यात गेलो. ठमाबाई माझा बारीक कुंचला घेऊन, मी सकाळी लिहिलेल्या मूर्तीच्या डोळ्यात काम करीत होती. मी म्हणालो, “ठमाबाई, हा कुंचला कोणाचा?”

ती दचकली नाही. बुबुळ पुरे केले, मग कुंचला ठेवला. “तुमचाच हाय दादा. डोलं बी तुमचंच म्हनतात लोक. म्हनू देत.”

“हे केव्हापासून चालले आहे?”

“शिमग्यापासून. तुमी झोपलाव का मी सारखे करतंय. तुमाला दिसत नाय, दादा. एक डोला कपालाला जातो, एक गालाला येतो. यापारी मूर्त परत करील तं अब्रू कोनाची जाईल?”

मी दिव्याचे कारण सांगितले. ती हसली. “दिवा बदललाव, कुंचला बदललाव. आता गनपतीच बदला.” दोघे कारागीर खाली माना घालून हसले. मग तिने आवाज उतरविला. “त्या दिवशी वयनीनं डोला का पुसला, ह्ये तुमाला खरंच समजला नाय? ती चुकीचा डोला दाखवीत व्हती तुमाला. मी तिला डोल्यांनीच सांगत व्हतू, नको गो, नको. पन ती तुमची बायको. तिला वाटला तुमी ऐकाल.”

पुसल्या डोळ्याची ती मूर्ती मी मागे ठेवून दिली होती. ती उन्हात नेली. राहिलेला डावा डोळा अगदी जवळून पाहिला. मग मूर्तीच्या नाकाच्या रेघेपासून बोटाने अंतर मोजले. बुबुळ तांदळाच्या दाण्याएवढे बाहेर गेले होते. उजवा तर पुसलाच होता. कसा असेल ते आता समजले.

निळ्या वहीत काहीही लिहिले नाही.

ता. २८ जुलै, सोमवार

तिला समजते असे धरले, तर गेल्या सात महिन्यांत मी तिच्यासमोर काय काय बोललो ते आठवावयास बसलो. व्यापाऱ्याला सांगितलेली उपमा आठवली. मग थांबलो.

ता. २ ऑगस्ट, शनिवार

कोठाराचे दार लावले की भर दुपारी आत अंधार होतो. विजेरी घेऊन बसलो. तळहाताखाली लावली. हात लाल झाला, बाईंनी सांगितला तसा. मग ता. ११ ला केला होता तोच रंग, तितकीच काजळी घालून, हाताच्या पाठीवर तीन हात दिला. वाळू दिला. पुन्हा विजेरी लावली.

हात लाल झाला. त्या ठिपक्याच्या जागी काळे राहिले.

आत साकळलेले रक्त नव्हते. असलेच तर मी पाडलेल्या डागाचे होते, आणि त्यावर माझा रंग होता. बाईंच्या यंत्राने तिच्या मेंदूत पाहण्याचा प्रयत्न केला आणि त्याला माझे काम दिसले. उत्तम काम होते. एकही कड सुटली नव्हती.

ता. ४ ऑगस्ट, सोमवार

रोह्यास जावयाचे होते. गेलो नाही. तीनशेवर मूर्ती आखणीला आहेत हे कारण खरे आहे, पण ते कारण नव्हे.

मी गेलो तर बाई विचारतील, रंग कशासाठी लावला? डाग कशाने पडला? अनिता तेथे असेल. तिचे यजमान धाटावच्या कंपनीत सुपरवायझर आहेत. त्यांच्या घरी मला मान आहे. मी गेलो नाही तर ता. ११ ला यंत्र जाईल आणि कोणी काहीही विचारणार नाही. सौ. सांगू शकत नाही. हे वाक्य लिहून झाल्यावर मी ते तीनदा वाचले. यापेक्षा नीच वाक्य मी आजवर लिहिलेले नाही.

ता. ६ ऑगस्ट, बुधवार

पेणहून गाडीने रोह्यास गेलो. डॉ. इनामदारांना सांगितले की त्या दिवशी कपाळावर एक लेप होता, तो पुसावयाचा राहिला.

“लेप कसला, काका?”

“मार लागला होता.”

“कसा लागला?”

“पडली.”

मला वाटले त्या रागावतील. त्या खुर्चीतून उठल्याच. “म्हणजे आत काही साकळलेलं नसेलही! काका, किती बरं झालं तुम्ही आलात. इतका प्रामाणिकपणा लोक दाखवत नाहीत.” शनिवारी आणा म्हणाल्या.

प्रामाणिकपणा हा शब्द घेऊन मी परत आलो.

ता. ९ ऑगस्ट, शनिवार

जे झाले ते क्रमाने लिहितो.

आज सौ.चे कपाळ मदतनिसाने पुसले. मी अडविले नाही. डागाच्या जागी आता फिकट पिवळेपणा तेवढा होता. अनिता आईचा डावा हात धरून बसली होती. पट्टी बांधली, पडदे ओढले. डावीकडची रेषा पडद्यावर आली. बाई म्हणाल्या, “आली! स्वच्छ आहे.”

टेप लावण्यापूर्वी त्या सहज म्हणाल्या, “हा डाग कसा पडला म्हणालात, काका?”

मी म्हणालो, “ती आपली आपण पडली.”

मी मनात अंक मोजत होतो, का ते ठाऊक नाही. पाच झाले. सहा झाले. रेषा उचलली गेली, वर गेली, आणि हळूहळू खाली आली.

“अनिताताई, बघा!” बाई म्हणाल्या. “रक्ताला तिथे पोहोचायला पाच-सहा सेकंद लागतात. काकूंनी काकांचं बोलणं ऐकलंय!” अनिताने आईचा हात तोंडाशी नेला.

मग बाई म्हणाल्या, “पण एकदा वर गेली म्हणून काही ठरत नाही. डोकं हललं तरी रेषा उडते, खोकला आला तरी उडते. टेप राहू दे. टेपवरची बाई त्यांच्या ओळखीची नाही. काका, तुम्हीच म्हणा. तेच वाक्य, तेवढ्याच आवाजात, पाच वेळा. मध्ये अर्धं मिनिट सगळे गप्प. पाचही वेळा गेली तर तेरावं नाव मी घालते. मग कोणी विचारलं तर माझ्याकडे दाखवायला कागद असेल.”

मी विचारले, “दुसरे वाक्य चालेल का?”

“आता नको. ज्याला त्यांनी दाद दिली तेच.”

मी म्हणालो, “ती आपली आपण पडली.” अर्धे मिनिट गेले. रेषा वर गेली.

मी दुसऱ्यांदा म्हणालो. अर्धे मिनिट म्हणजे किती असते हे मला आजवर ठाऊक नव्हते. सौ. माझ्याकडे पाहत नव्हती. समोरच्या भिंतीकडे पाहत होती आणि तिच्या कपाळामागे काय चालले होते ते सर्व खोली पडद्यावर पाहत होती. रेषा वर गेली.

माझ्या मनात आले, आता हे खोटे तिच्याच भल्याचे आहे. आणखी तीन वेळा म्हटले की तिला वाचा शिकावयास मिळेल. मी तिसऱ्यांदा म्हणालो. रेषा वर गेली. बाईंनी मला खूण केली, छान चालले आहे.

चौथ्या वेळी तोंड उघडले आणि ते वाक्य आले नाही. मी म्हणालो, “मी तिला ढकलले.”

मदतनिसाने संगणकाकडून मान वर केली. अनिता म्हणाली, “बाबा?” एवढेच. बाईंनी नजर पडद्यावरच ठेवली, माझ्याकडे वळविली नाही. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “वाक्य बदललं, काका. वाक्य बदललं की पहिल्यापासून सुरू करावं लागतं.”

“कोणते वाक्य?”

“आत्ता म्हणालात ते.”

पाच वेळा. तेवढ्याच आवाजात. आवाज तेवढाच राहिला नाही, तरी शब्द तेच ठेवले. दुसऱ्या वेळेनंतर अनिता उठून बाहेर गेली. तिसऱ्या वेळी सौ.ने मान वळविली आणि ता. ११ जुलैनंतर प्रथमच माझ्याकडे पाहिले. बाई म्हणाल्या, “काकू, डोकं स्थिर.” तिने डोके स्थिर केले. डोळे माझ्यावरच ठेवले.

शेवटी बाईंनी पट्टी सोडली. “पाचही वेळा,” म्हणाल्या.

यंत्र एवढेच सांगते की ऐकले. ऐकून तिला काय वाटले ते सांगत नाही. त्यासाठी यंत्राची आवश्यकता मला राहिलेली नाही.

ता. १० ऑगस्ट, रविवार

निळ्या वहीत ता. ९ जुलैच्या पानावरचे ‘प्रकृती ठीक’ खोडून खरे ते लिहिले. शाईच्या दोन रेघा मारल्या, खालचे वाचता यावे अशा.

कारखान्यात सर्वांसमक्ष बारीक कुंचला ठमाबाईच्या हाती दिला. मला वाटले ती काही टोचून बोलेल. ती म्हणाली, “पेनला जाऊन डोले दाखवा आदी. मोतीबिंदू असंल. मेल्या मानसागत त्वांड नका करू.”

ता. १३ ऑगस्ट, बुधवार

सौ.ला अनिता रोह्यास आपल्या घरी घेऊन गेली. लुगडी मी घडी करून दिली. अनिता माझ्याशी कामापुरते बोलते. गाडीत बसविताना मी सौ.ला म्हणालो, “येत जाईन.” ठमाबाईने तिच्या कपाळाला कुंकू लावले. माझा हात सौ.ने पुढे येऊ दिला नसता असे नाही. मीच मागे राहिलो.

संध्याकाळी खिडकीशी पाट तसाच होता. एका कारागिराने त्यावर रंगाचे डबे ठेवले. मी उचलावयास सांगितले.

ता. २२ ऑगस्ट, शुक्रवार

पेणच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. गणपतीनंतर शस्त्रक्रिया. उजेडाचा दोष नव्हता.

ता. ३ सप्टेंबर, बुधवार

गणपती परवा. शेवटच्या मूर्ती काल गेल्या. पुसल्या डोळ्याची मूर्ती घरी बसवावयाची ठरविली. डोळे ठमाबाईने लिहिले. सरळ आले आहेत.

घरच्या गणपतीला उंबरठ्यावर पाणी घालून आत घेणे हा चव्वेचाळीस वर्षे सगुणाचा मान. तो कोणी दुसऱ्याने करणे मला योग्य वाटेना. सबब आज रोह्यास गेलो. ट्रॅक्सवाल्याला शुक्रवारी पहाटेचे सांगूनच गेलो होतो.

ती खुर्चीत बसली होती. केस नीट विंचरलेले, कपाळ स्वच्छ, कुंकू बारीक. शिकविणाऱ्या बाई समोर बसून तिच्याकडून ओठ हलवून घेत होत्या. तीन आठवडे झाले. आवाज निघतो, शब्द नाही, असे अनिताने सांगितले. तिने मला पाणी दिले. बसा म्हणाली.

मी सगुणाच्या समोर बसलो. वाटेत वाक्य जुळविले होते. क्षमेचेही एक जुळविले होते, ते ऐनवेळी निघाले नाही. मी म्हणालो, “शुक्रवारी गणपती आहेत. मी गाडी सांगितली आहे. घरी येतेस ना?”

तिने माझ्याकडे पाहिले. मी सवयीने अंक मोजू लागलो. चार झाले. पाच झाले. तिचा डावा गाल हलला.

“नाय,” ती म्हणाली.

अनिताच्या हातून तांब्या पडला. “आये बोलली! बाई, आये बोलली!” शेजारच्या दोघी धावत आल्या. कोणी साखर आणली, माझ्याही हातावर ठेवली. शिकविणाऱ्या बाईंनी घाईघाईने तारीख आणि वेळ लिहिली आणि मला म्हणाल्या, “काका, थांबा, हलू नका. एकदा निघाला तो शब्द पुन्हा निघतो का बघायला हवं. तेच विचारा. तेच वाक्य.”

मी म्हणालो, “घरी येतेस ना?”

“नाय.”

शेजारणींनी टाळ्या वाजविल्या. “अजून,” बाई म्हणाल्या. तिसऱ्या वेळी अनिता हसता हसता थांबली आणि माझ्याकडे पाहू लागली. या बाईंना काही ठाऊक नव्हते. त्या बोटे मोजत होत्या. “पाच वेळा झालं की लिहिते.”

साखर हातात तशीच होती. मी पाचही वेळा विचारले. पाचव्या वेळचे ‘नाय’ सर्वांत स्पष्ट होते.

परत येऊन ट्रॅक्सवाल्याला शुक्रवारचे नको म्हणून सांगितले.